दुबार मेलची गाळणी: लाईट गेली त्या दिवसापासून

रावेरच्या घरी जुन्या लॅपटॉपवर फेचमेल (सर्व्हरवरचे मेल उतरवून आणणारा प्रोग्राम) आणि प्रॉकमेल (आलेले मेल नियमांप्रमाणे पेट्यांत टाकणारा प्रोग्राम) चालवतोय, त्याची ही पुढची नोंद.

गेल्या मंगळवारी मेल उतरत असतानाच लाईट गेली. लॅपटॉपला बॅटरी आहे, राउटरला नाही. लाईट आल्यावर उतरलेले एकवीस मेल पुन्हा आले. त्यात व्यापाऱ्याची केळीची पट्टी होती, ती बाबांनी वहीत दोनदा चढवली. रात्री अकरापर्यंत आम्ही दोघं हिशेब जुळवत बसलो होतो.

कारण पीओपी3 च्या, म्हणजे सर्व्हरवरून मेल उतरवायच्या पद्धतीच्या, नियमातच आहे. ‘हा मेल पुसा’ म्हटलं तरी सर्व्हर नुसती खूण करतो. ‘क्विट’ (काम संपलं) असा निरोप मिळाल्यावरच खरं पुसतो. मध्येच लाईन तुटली की सगळ्या खुणा रद्द. पाठवण्याच्या बाजूलाही तेच: मेल पोचला, पण पोच वाटेत हरवली, तर पाठवणारा सर्व्हर तोच मेल पुन्हा पाठवतो. आरएफसी 1047 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात हे 1988 सालीच लिहिलंय. म्हणजे दुबार मेल येणारच, पकडायचे आपल्या दारात.

आधी विषय आणि तारीख जुळवून पाहिली. फसलं. एकाच दिवशी दोन गाड्या भरल्या, दोन्ही पट्ट्यांचा विषय एकच, आणि दुसरी खरी पट्टी दुबार ठरली. आता फक्त मेसेज-आयडी, म्हणजे प्रत्येक मेलवरची वेगळी ओळखखूण, बघतो. प्रॉकमेलसोबतच्या फॉरमेल या प्रोग्रामचा ‘डी’ पर्याय आयडी एका फाईलमध्ये साठवतो, आणि तोच आयडी पुन्हा दिसला की मेल दुबार ठरवतो. ती भरली की जुने आयडी खोडून नवे लिहितो. बहुतेकजण आकार 8192 बाइट ठेवतात. माझ्याकडचे आयडी सत्तरेक अक्षरांचे, म्हणजे जेमतेम 115 मावतात, तीन दिवसांचे. मी 65536 केलाय. लॉकफाईल (एका वेळी एकच मेल तपासू देणारी फाईल) मात्र हवीच, नाहीतर एकाच वेळी आलेल्या दोन प्रती दोन्ही ‘नव्या’ ठरतात.

सगळ्यात महत्त्वाचं: दुबार मेल फेकू नका. आयडी आधी नोंदला जातो, मेल नंतर पेटीत पडतो. मधल्या क्षणी डिस्क भरलेली असली तर मेल पडतच नाही, आणि पुन्हा आलेली प्रत दुबार म्हणून कचऱ्यात जाते. हातात एकही उरत नाही. म्हणून नियमाला ‘सी’ (तपासायला नक्कल द्या, मूळ मेल पुढे जाऊ द्या) लावला, आणि पुढच्या नियमाला ‘ए’ (आधीचा नियम यशस्वी झाला तरच चालवा) लावून अशा प्रती ‘दुबार’ नावाच्या पेटीत वळवल्या.

काल मेल उतरत असताना मुद्दाम राउटरची पिन काढली. चौदा मेल परत आले, चौदाही ‘दुबार’मध्ये सापडले.

पुढे सिव्ह या मेल गाळायच्या भाषेचं ‘डुप्लिकेट’ एक्स्टेन्शन लावून बघायचंय, आरएफसी 7352 वालं. त्यात स्क्रिप्ट नीट पूर्ण झाल्यावरच आयडी नोंदला जातो.