मोडी सराव, महिना सातवा: २ + ३ + ५ = ११

गेल्या महिन्यात सांगितलं होतं तसं पणजोबांच्या पारोळ्याच्या दुकानाची वही हातात घेतली. लाल कापडी बांधणी, पहिल्या पानावर कुंकवाचा डाग, खाली 'श्री' आणि १९५७. झालं, आम्ही इसवी सन समजून बसलो! दोन आठवडे हाच गोंधळ: १९५७ साली तर नवे पैसे आले, मग पानोपानी आणेच कसे? आणि त्या काळात बोरूने मोडी कोण लिहीत होतं?

वही दिवाळीतल्या पाडव्याला उघडलेली आहे, म्हणजे हा विक्रम संवत. सत्तावन्न वजा केले की १९००. हिशोब शिकवणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण शिकवणारा मीच.

अक्षरांपेक्षा आकड्यांनी जास्त छळलं. एका पानावर तीनच रकमा: मांजरपाट २, मीठ पक्का मण एक ३, घासलेट डबे दोन ५. खाली बेरीज ११. पणजोबा एका रुपयाने चुकतील यावर घरात कोणी विश्वास ठेवणार नाही. आकड्यांपुढच्या उभ्या काड्यांना मी पूर्णविराम समजत होतो, आणि मोडीत विरामचिन्हं नसतात हे पाठ असूनही! एक काडी म्हणजे पाव रुपया, दोन म्हणजे अर्धा. मग २॥, ३। आणि ५॥ मिळून ११।, चोख. आडवी काडी दिसली तर तो एक आणा; म्हणजे ॥= हे दहा आणे. नव्याने शिकणाऱ्यांना माझा आग्रह राहील की पत्रांआधी वह्या घ्या. पत्रात चुकीचं वाचलं तरी ते खपून जातं, वहीत बेरीज लगेच पकडते.

त्या मिठाच्या सव्वातीनवर मी बराच वेळ अडकलो होतो. तेव्हा मिठावर मणामागे अडीच रुपये सरकारी कर होता (१९०३ मध्ये तो दोनवर आणला). म्हणजे मीठ, त्याची वाहतूक आणि पणजोबांचा नफा हे सगळं मिळून उरलेल्या बारा आण्यांत! गिऱ्हाईक भांडायला मात्र दुकानातच येत असणार.

आता या महिन्याची फजिती. मोडीत शब्द तोडत नाहीत, ओळ सलग पळते. एका ओळीत 'अमळनेर', पुढे 'ठे', पुढे 'सन'. सन म्हटल्यावर मी पुढे वर्ष शोधत बसलो. आत्या शेजारी कांदे निवडत होती. "हाई काय वाची राहिना रे भाऊ?" मी अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचली. तिने वर न बघता सांगितलं, "ठेसननी हमाली शे ती." स्टेशन! सुरतेहून अमळनेरला येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० चीच. आधीच्या पानांवर नुसतं 'गाडीभाडे' आहे, इथून पुढे 'ठेसन हमाली' दर आठ-दहा दिवसांनी. वर्षाची खात्री झाली ती खरी या हमालीने, कुंकवाच्या पानाने नाही.

इकार-उकारांचं रडगाणं चालूच आहे. ऱ्हस्व-दीर्घ मोडीत वेगळं नाही, त्याबद्दल तक्रार करून उपयोगही नाही.

सध्या 'मागील बाकी'त आहे. ही बाकी छप्पनच्या सालातली, म्हणजे दुष्काळातली, आणि ती एकोणीस पानं चालते. बहुतेक खात्यांत जमेची बाजू कोरी. सात नावांपुढे रकमेशेजारी तोच एक शब्द आहे: सुरुवातीला 'प', शेवटी 'दा', मधल्या अक्षरांवर वाळवी फिरलेली. 'परागंदा' वाचायचा मोह होतोय. पण ठेसनाने हात पोळलेत, सातही जागा ताडून बघितल्याशिवाय लिप्यंतरात घेणार नाही. रविवारी पुन्हा आत्याकडे जातोय.