दादरचं फूलमार्केट, एकच लेन्स

स्ट्रीट फोटोग्राफीच्या प्रकल्पासाठी अख्खी मुंबई कशाला? दादर पश्चिमेचं फूलमार्केट पुरे. तीन महिने, दर शनिवारी पहाटे, २८ मिमी लेन्स. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) लेन्सचं छिद्र एफ/८ ठेवून फोकस हाताने अडीच मीटरवर लावला की साधारण दीड ते दहा मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. शटर १/२५० सेकंद, त्याहून मंद ठेवलं तर हार ओवणारी बोटं हललेली येतात. उजाडण्याआधी मात्र छिद्र मोठं करून एफ/२.८ वर या, नाहीतर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) भलताच चढतो.

खरी डोकेदुखी रंगांची. निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळे पडतात, म्हणून रॉमध्येच, म्हणजे रंग नंतर सुधारता येतील अशा कच्च्या फाइलमध्ये, काढा. झेंडूत लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा भाग) आधी फुटतो, म्हणजे त्यातला तपशील जातो, आणि पाकळ्यांचा नुसता केशरी गोळा उरतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा प्रकाश) खाली घ्या. डोक्यावर टोपली घेतलेला हमाल आला की आधी वाट द्या, फोटो नंतर.