रंगूनला न गेलेल्या बोटी

कॅनबेऱ्यात माझं काम म्हणजे सिडनीहून बसने येणाऱ्या मराठी ग्रुपना दिवसभर शहर दाखवायचं. लोकांना खरं तर दोनच गोष्टी हव्या असतात, कांगारू आणि स्वच्छ टॉयलेट. त्यामुळे जॉन कर्टिन आणि त्याचा अर्थमंत्री बेन चिफली गप्पा मारत चाललेत असे ब्राँझचे पुतळे आहेत, तिथे मला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या महायुद्धातला ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान कर्टिन उरकायचा.

गोष्ट मला पाठ आहे. कामगार चळवळीतला पत्रकार. सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध केला म्हणून १९१६मध्ये तुरुंगाची हवा खाऊन आलेला. पुढे मंदी आली. १९३१मध्ये त्याच्याच मजूर पक्षाच्या सरकारने पगार-पेन्शनला कात्री लावायचं ठरवलं तेव्हा हा विरोधात उभा राहिला. पण वर्षअखेरच्या निवडणुकीत पक्ष आपटला आणि फ्रीमँटलमध्ये हाही. मग वर्तमानपत्रांत लिहून घर चालवलं. १९३४ला परत निवडून आला, १९३५मध्ये एका मताने पक्षनेता झाला, तोही दारू सोडायच्या बोलीवर. ऑक्टोबर १९४१मध्ये पंतप्रधान. 'एका मताने' म्हटलं की ग्रुपमधल्या कोणाला तरी आपल्या सोसायटीची निवडणूक आठवतेच, त्यात दोन मिनिटं जातात.

त्यानंतर माझा आवडता भाग. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं, १९ला ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला डार्विनवर त्यांचे बॉम्ब. ऑस्ट्रेलियाची सातवी डिव्हिजन मध्यपूर्वेतून बोटींनी निघालेली. चर्चिल म्हणाला, हे सैन्य ब्रह्मदेशात रंगूनला पाठवा. कर्टिन म्हणाला, नाही, घरी. चर्चिलने न विचारताच बोटी रंगूनच्या दिशेला वळवल्यासुद्धा, तरी हा हटला नाही. बोटी समुद्रात होत्या तोवर रात्र रात्र निवासस्थानाच्या बागेत येरझाऱ्या घालायचा. इथे मी जरा थांबतो. लोक पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात.

त्या दिवशी जुलैतली थंडी होती, सगळे कानटोप्यांत. मी थांबलो तर मागून एक काकू म्हणाल्या, "म्हणजे रंगूनला ते आलेच नाहीत?"

"नाही ना काकू. मार्चमध्ये रंगून पडलं."

"आमचे अण्णा तिथे होते."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. लाकडाच्या वखारीत कारकून. डिसेंबरात बॉम्ब पडायला लागले तरी मालक म्हणे, सैन्य येतंय, जागा सोडू नका. महिना-दीड महिना वाट बघून अण्णा चालत निघाले, ते जंगलातून इंफाळला. बरोबर निघालेला त्यांचा धाकटा भाऊ वाटेत कॉलऱ्याने गेला. "पुढे चाळीस वर्षं गावात राहिले," काकू म्हणाल्या, "पण झोपताना चपला उशाशी घ्यायचे. आई चिडायची. लक्ष्मी उशाशी नाही, चपला उशाशी!"

कोणी हसलं नाही.

मी उगाच बाजू मांडायला लागलो. सामान एका बोटीत, माणसं दुसरीत, रंगूनला उतरून ते लढूच शकले नसते, फुकट कैदेत पडले असते. सिंगापूरला पंधरा हजार ऑस्ट्रेलियन आधीच कैद झाले होते. हे सगळं खरं आहे, पण बोलताना मलाच मी विमा एजंटासारखा वाटलो.

"अरे, चुकलं असं मी कुठे म्हणतेय," काकू म्हणाल्या. "आले नाहीत एवढंच विचारलं. अण्णांना कधी कळलंच नव्हतं का आले नाहीत ते."

मग त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि दोघांपैकी तो कुठला ते विचारलं. त्या इतका वेळ चिफलीकडे बघत होत्या. कर्टिनच्या समोर जाऊन त्यांनी त्याचं तोंड नीट न्याहाळलं, एखाद्या स्थळाकडे बघतात तसं.

"म्हातारा दिसतो. वय काय होतं?"

"गेला तेव्हा साठ. ५ जुलै १९४५. युद्ध संपायला सहा आठवडे राहिले होते."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. वॉर मेमोरियलची वेळ टळत होती आणि मी आज चाळीस मिनिटं मागे होतो. बसच्या पायरीवर काकू थांबल्या. माझा हात धरूनच विचारलं, "ती मुलं तरी घरी पोचली ना?"

"पोचली," मी म्हटलं. "मग त्यांना न्यू गिनीला पाठवलं."