सहा काड्यांचा पूल

फेब्रुवारीत लोकमान्य नगरातून काकांचा फोन आला. "बेटा, सफरचंद मस्त फुललंय, पण बुंध्याशी काहीतरी गडबड दिसतेय. जरा येऊन जा."

मी इंदूरमध्ये घरोघरी जाऊन फळझाडांची छाटणी आणि कलमं करते. आंबा, पेरू, लिंबू हे रोजचंच. सफरचंदाची झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. काकांचं झाड अ‍ॅना जातीचं, मूळची इस्रायलची जात. डेलिशससारख्या पहाडी जातींना 7 अंशांखालची थंडी हजारेक तास लागते, अ‍ॅनाचं 200-300 तासांत भागतं. म्हणून तर ती माळव्यात फुलू शकते.

गेले तेव्हा झाड पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलं होतं. मी बसून बुंध्याजवळचं गवताचं आच्छादन बाजूला केलं आणि पोटात गोळाच आला. जमिनीपासून जवळजवळ वीतभर उंचीपर्यंत खोडाला साल नव्हती. गोल, पूर्ण वेढा. उघड्या लाकडावर घुशीच्या दातांच्या रेघा, शेजारीच बीळ.

आच्छादन घाला असं जानेवारीत छाटणीच्या वेळी मीच सांगितलं होतं. खोडापासून वीतभर लांब ठेवा, हे सांगायचं राहिलं. काका घरचं खत अगदी इंदूर पद्धतीनं करतात. 1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथं इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू केली, तिथूनच ही पद्धत जगभर गेली, याचा त्यांना केवढा अभिमान. तेच खत आणि वर गवत त्यांनी मायेनं खोडाला चिकटवून रचलं होतं आणि घुशीला उबदार घर मिळालं. माझ्या अर्धवट सांगण्यामुळे हे झालं, असं मी त्यांना तिथंच सांगितलं. काका काही बोलले नाहीत, नुसता खोडावरून हात फिरवत राहिले.

"पण फुलं तर आलीत ना?" काकूंनी विचारलं.

फुलं येणारच. मुळांचं पाणी आतल्या लाकडातून वर जातं, ती वाट शाबूत होती. पानांनी केलेलं अन्न मात्र सालीतून खाली उतरतं. ती वाट तुटली की साठा असेपर्यंत मुळं तग धरतात आणि मग उपाशी मरतात. हे झाड उन्हाळ्यात उभ्या उभ्या वाळलं असतं.

उपाय एकच होता, सेतू कलम. तुटलेल्या सालीवरून त्याच झाडाच्या काड्यांचा पूल बांधायचा. त्यासाठी काड्या झोपेतल्या, म्हणजे डोळे (कोंब फुटायच्या जागा) अजून न फुटलेल्या हव्यात आणि खोडाची साल लाकडापासून सहज सुटू लागलेली हवी. या झाडाच्या छाटणीतल्या लांब सरळ काड्या मी दुसऱ्या कलमांसाठी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या, हे नशीब. त्या फ्रीजमध्ये मी पिकलेली फळं ठेवू देत नाही; फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूनं काड्यांचे डोळे मरतात.

दुपारी सामान घेऊन परत आले. काकांनी तोवर स्वयंपाकघरातली सुरी घासून ठेवली होती. मी त्यांना माझा कलमाचा चाकू हातात दिला. त्याला धार एकाच बाजूनं असते, दुसरी बाजू सपाट. म्हणून काप आरशासारखा सपाट येतो आणि काडी लाकडाला पूर्ण टेकते. दोन्ही बाजूंनी धार असलेली सुरी लाकडात वळते, काप पन्हाळीसारखा होतो, मधे हवा राहते आणि जोड सुकतो. इतकी वर्षं करून माझं ठाम मत झालंय की घरी केलेली कलमं हात कच्चा असल्यामुळे कमी आणि चाकू चुकीचा असल्यामुळे जास्त मरतात.

खालची जिवंत साल शोधायला माती उकरावी लागली. नखानं खरवडलं, हिरवट ओल दिसली, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. मग जखमेच्या कडा साफ केल्या. प्रत्येक काडीची दोन्ही टोकं तिरकी तासली, वर आणि खाली सालीला उभ्या चिरा देऊन टोकं आत सरकवली, बारीक खिळ्यांनी ठोकली. चाकू दर काडीला स्पिरिटनं पुसत होते. काडी उलटी लागता कामा नये, डोळ्यांची तोंडं वरच हवीत. आणि ती ताणून बसवायची नाही, किंचित कमानीसारखी ठेवायची. वाऱ्यानं झाड हललं तर ताणलेली काडी निसटते. जोडांवर राळ, मेण आणि जवसाच्या तेलाचा लेप दिला. घेराला पाच-पाच सेंटीमीटरवर एक, अशा सहा काड्या बसल्या. साडेतीन तास लागले.

सगळ्यात अवघड काम त्यानंतरचं होतं. "काकू, फुलं काढावी लागतील. सगळी." फळांवर खर्च करायला त्या झाडाकडे काही उरलं नव्हतं. काकूंनी स्टूल मागवलं आणि "माझ्या हातानं काढते" म्हणाल्या. परडी भरली तरी त्या खुडत होत्या. मी खालच्या फांद्या घेतल्या. कुणीच बोलत नव्हतं.

सहापैकी दोन काड्या एप्रिलपर्यंत वाळल्या. चार लागल्या. त्यांच्यावर फुटलेले कोंब मी दर महिन्याला जाऊन खुडायची, नाहीतर पुलाचीच फांदी होते. बुंध्याभोवती आता बारीक जाळी आहे. त्याला दोन वर्षं झाली. झाड उभं आहे, काड्या अंगठ्याहून जाड झाल्यात, आणि त्यातल्या दोघींमध्ये आता जेमतेम बोटभर फट राहिली आहे.