मिनेटोंकाच्या बेटावरची पायरी

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या पश्चिमेला असलेल्या मिनेटोंका सरोवराकाठी आम्ही तीन दिवस राहिलो. त्यांतले पहिले दोन पावसात आणि एक्सेल्सियर गावातल्या भटकंतीत गेले. तिसऱ्या दिवशी एका स्नेह्यांच्या बोटीतून बिग आयलंडवर जाणे झाले आणि तिथून परतल्यापासून मनात दुसरा विषय नाही.

बेटावर जायला पूल नाही. स्वतःची किंवा ओळखीच्या कोणाची बोट असेल तरच तिथे पाय ठेवता येतो. निघण्यापूर्वी काठावर ज्याच्या ज्याच्याशी बोलणे झाले, त्याने बेटाची एकच गोष्ट सांगितली, ती म्हणजे तिथल्या जुन्या करमणूक उद्यानाची. ट्विन सिटी रॅपिड ट्रान्झिट या ट्राम कंपनीने ते 1906 साली उघडले. शहरातून ट्रामने एक्सेल्सियरला यायचे आणि तिथून बोटीने पलीकडे जायचे, अशी सोय होती. दिव्यांनी उजळणारा 186 फूट उंचीचा मनोरा हे उद्यानाचे मोठे आकर्षण होते. कंपनीने सरोवरावर ट्रामच्याच पिवळ्या रंगाच्या सहा वाफेच्या बोटीही सोडल्या होत्या. त्यांतली मिनेहाहा ही बोट 1926 मध्ये मुद्दाम बुडवण्यात आली, 1980 मध्ये तळातून वर काढण्यात आली आणि हौशी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे खपून ती 1996 मध्ये पुन्हा पाण्यावर आणली. एवढ्या निष्ठेने जुने जपणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. पण उद्यान 1911 मध्येच बंद पडले, म्हणजे सगळे मिळून सहा उन्हाळे चालले. त्याच जमिनीवर पुढे, पहिल्या महायुद्धानंतरच्या काळापासून एकविसावे शतक उजाडेपर्यंत, माजी सैनिकांचा कॅम्प होता; आणि त्याविषयी आम्हाला कोणीही आपण होऊन एक शब्द सांगितला नाही.

मला तो कळला धक्क्यावर भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांमुळे. ते एकटेच उभे होते आणि पायवाटेकडे पाहत मनाशी काही मोजत होते. वाट चुकली आहे का, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘नाही, केबिन शोधतो आहे.’’ त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धातून परतलेले. घरी रात्र रात्र जागे असत, बोलत कमी आणि दार वाजले तरी दचकत. उन्हाळ्यात मात्र हे कुटुंब आठवडाभर बेटावर येई आणि इथे वडिलांना झोप लागत असे. आजूबाजूच्या केबिनींतही सैनिकच. त्यामुळे मध्यरात्री कोणी उठून पाण्याकाठी बसले, तर त्याला कारण विचारले जात नसे, आपली खुर्ची उचलून दुसरा कोणीतरी शेजारी येऊन बसे. ‘‘आईला वर्षातली तेवढीच विश्रांती मिळायची,’’ हे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारले.

आम्ही त्यांच्याबरोबर चालू लागलो. वाटेत उद्यानाच्या काँक्रीटचे अवशेष दिसले. ते पाहायला आणखी माणसेही आली होती, पण हे गृहस्थ तिथे थांबले नाहीत. एका जुन्या ओकपासून त्यांनी पावले मोजली, चुकली म्हणून परत येऊन पुन्हा मोजली आणि काठीने पाला बाजूला सारला. खाली काँक्रीटची एकच पायरी होती, हातभर रुंद, एका कोपऱ्यात फुटलेली, कडेने शेवाळ चढलेली. फुटलेल्या कोपऱ्यावर त्यांनी अंगठा फिरवला आणि हीच, असे म्हणाले. तो कोपरा त्यांनी लहानपणी हातोडीने फोडला होता, आणि वडील रागावले नव्हते.

त्या वेळी बेटाच्या उत्तरेच्या खाडीतून संगीताचा दणदणाट येत होता. उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी तिथे बोटींची एवढी दाटी होते की एका बोटीवरून दुसरीवर चालत जाता येईल, आणि 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तर विचारायलाच नको. लोकांनी आनंद करू नये, असे माझे म्हणणे नाही. पण जिथे माणसे शांततेसाठी येत होती, तिथे आवाज न चढवता बोलणेही अशक्य व्हावे, हे मला त्या दिवशी सहन झाले नाही.

कॅम्प बंद झाल्यावर ही सुमारे 56 एकर जमीन ओरोनो शहराने घेतली आणि तिचे निसर्गउद्यान केले. ज्या सरोवराकाठच्या घरांना आज लक्षावधी डॉलर मोजावे लागतात, तिथली ही जागा बंगल्यांच्या हाती गेली नाही, याचे श्रेय शहराला दिलेच पाहिजे. तरीही मला राहून राहून वाटते की, त्या काळातल्या लोकांनी सरोवरावरची एवढी सुंदर जमीन, आडबाजूची किंवा उरलीसुरली नव्हे, युद्धावरून आलेल्यांसाठी राखली, ही या बेटाच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि बेटाची ओळख करून देताना ती पहिल्याच वाक्यात यायला हवी.

परतताना त्या गृहस्थांना आम्ही आमच्याच बोटीतून आणले. त्यांनी पायरीचा फोटो काढला नाही. उलट, निघण्यापूर्वी वाकून बाजूला सारलेला पाला हातांनी पुन्हा तिच्यावर ओढला, आणि बोट सुटल्यावर ओकचा शेंडा दिसेनासा होईपर्यंत ते पाठमोरे बसून राहिले.