फ्रीमॉन्ट माणूस कसा होता?

भारतातून कुणी इकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्टला आमच्या घरी आलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विचारतंच, "तुमच्या गावाला ज्याचं नाव दिलंय तो फ्रीमॉन्ट माणूस कसा होता? चांगला की वाईट?" एका शब्दात मला सांगता येत नाही. विचारलंत म्हणून नीट सांगते.

पूर्वी उत्तर तयार असायचं. 1856 मध्ये रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्षपदाचा पहिलाच उमेदवार, तोही गुलामगिरीचा विस्तार नको म्हणणारा. 1861 मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात सेनापती असताना, मिझुरी राज्यातल्या बंडखोरांचे गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा त्याने काढला. लिंकनने बदलायला सांगितला तरी स्वतःहून बदलला नाही. मराठी शाळेतल्या मुलांना मी हे भारावून सांगायचे. यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही.

मग सॅन राफाएलबद्दल वाचलं. 28 जून 1846. कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोचा होता, आणि अमेरिकन सैन्यातला अधिकारी फ्रीमॉन्ट आपल्या तुकडीसह तिथे होता. खाडी ओलांडून एक होडी किनाऱ्याला लागली. तिच्यातून म्हातारे होझे दे लोस रेयेस बेरेयेसा आणि दे हारो घराण्यातले जुळे भाऊ उतरले. बेरेयेसांचा मुलगा सोनोमा गावात अमेरिकन बंडखोरांच्या कैदेत होता, त्याला भेटायला ते निघाले होते. "यांना कैद करू का?" असं फ्रीमॉन्टचा वाटाड्या किट कार्सन याने विचारलं, आणि कैदी ठेवायला जागा नाही, असं फ्रीमॉन्ट म्हणाला, तिथे हजर असलेल्या एकाने पुढे तसं जाहीरपणे सांगितलं. तिघांनाही गोळ्या घातल्या.

नंतर त्या मुलाला वडिलांचं पांघरूण फ्रीमॉन्टच्या एका शिपायाच्या अंगावर दिसलं. ते परत मिळवून द्या, असं त्याने फ्रीमॉन्टला विनवलं. नकार मिळाला. शेवटी शिपायाला 25 डॉलर मोजून त्याने ते विकत घेतलं. माझ्या बाबांची शाल मी न धुता इकडे आणली होती. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं.

लढाईचे दिवस होते, दोन अमेरिकनांच्या खुनाचा तो बदला होता, असं मीही स्वतःला समजावून पाहिलं. पण त्याआधीच, त्याच वर्षी एप्रिलमध्ये सॅक्रामेंटो नदीकाठी त्याच्या तुकडीने कितीतरी आदिवासी मारले होते, तो कसला बदला? आणि तरी मिझुरीचा जाहीरनामा खोटा ठरत नाही. मुलांना मात्र मी अर्धीच गोष्ट सांगितली. ती आता कॉलेजात गेली.

यापुढे पाहुण्यांना बार्टने, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेने नेईन. वॉर्म स्प्रिंग्जला बसायचं, मिलपिटस गेलं की शेवटचं स्टेशन बेरियेसा. नाव त्याच घराण्याचं. तिथे उतरून पांघरुणाची गोष्ट सांगेन, आणि परतताना मिझुरीची.