देवाला ‘का?’ विचारलेलं चालतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न असा की, देवाला ‘असं का केलंस?’ म्हणणं, प्रार्थनेत त्याच्याकडे तक्रार करणं, त्याच्यावर रागावणं, हा त्याचा अनादर होतो का? बायबलचा वर्ग घ्यायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्याकडे नाना रूपांनी येतो. कुणी वर्ग संपल्यावर मागे रेंगाळतं, कुणी रात्री उशिरा मेसेज करतं. विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं. आजारपण, मृत्यू, मोडलेला संसार. आणि कुणीतरी त्याला आधीच एक वचन ऐकवलेलं असतं, रोमकरांस पत्र 9:20. देवाला उलट बोलणारा तू कोण?

त्या वचनाकडे येतेच. पण आधी उत्तर देऊन टाकते: खुशाल विचारा. देवाच्या सर्वांत जवळची म्हणून शास्त्र ज्यांची ओळख करून देतं, त्या माणसांनी विचारलंय. त्यांचं ते बोलणं कुणी खोडून टाकलं नाही, आणि आज ते आपण पवित्र शास्त्र म्हणून उपासनेत वाचतो.

स्तोत्रसंहिताच घ्या, बायबलमधलं प्रार्थनागीतांचं पुस्तक. 150 स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. आपल्याला पाठ असतात ती 23वं, 100वं, 121वं. 13वं कुणी पाठ करायला देत नाही. त्याच्या पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा विचारतो, ‘कुठवर?’ कुठवर मला विसरणार, कुठवर तोंड लपवणार? 44व्या स्तोत्रात तर देवाला सरळ म्हटलंय की जागा हो, झोपलास का? हे शब्द आपल्या प्रार्थनासभेत कुणी स्वतःचे म्हणून उच्चारले, तर पुढच्या रांगेतले लोक डोळे उघडून मागे बघतील. उपासनेत मात्र हेच शब्द आपण ‘हे देवाचं वचन’ म्हणून ऐकतो, आणि आमेन म्हणतो.

88व्या स्तोत्राशी माझं नातं वेगळं आहे. घरात एक लांबलेलं आजारपण चालू होतं तेव्हा भेटायला येणारे सांगायचे, प्रत्येक गोष्टीसाठी उपकार माना. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या दिवसांत माझ्या तोंडून उपकारस्तुती निघत नव्हती आणि ओढून-ताणून काढणं जमत नव्हतं. 88वं स्तोत्र मोठ्याने वाचणं तेवढं जमत होतं. हेमान एज्राही हे त्या स्तोत्राच्या मथळ्यातलं नाव. इतर विलापस्तोत्रं शेवटी बहुधा भरवशाकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. मित्र, सोबती सगळे दूर केलेस, असं देवालाच सांगून थांबतं. पण सुरुवात पाहा. ‘हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा.’ पुढचा सगळा आरोप त्या हाकेखाली आहे. मधे दोनदा तो सांगतो की मी रोज तुझा धावा करतो, सकाळी माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते. ज्याच्याबद्दल तक्रार, त्याच्याच दाराशी हा माणूस रोज सकाळी उभा आहे. याला अश्रद्ध कसं म्हणायचं, मला कळत नाही.

इथे हमखास कुणीतरी हात वर करतं. मग मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामगिरीतून सुटून रानात आलेल्या इस्राएल लोकांनी कुरकुर केली तेव्हा देव का कोपला? चांगला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर गणना या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात इतकं उघडं पडलंय की मी तो अध्याय दरवर्षी वर्गात घेते. लोक मान्ना, म्हणजे देवाने रानात पुरवलेलं अन्न, खाऊन कंटाळलेत. मिसरातले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून रडताहेत. मासे फुकट मिळत होते म्हणतात! गुलामगिरीतलं खाणं फुकट. आम्हाला मांस कोण देईल, असं म्हणत जो तो आपापल्या तंबूच्या दारात रडतोय. त्याच अध्यायात त्यांचा पुढारी मोशेही वैतागलाय. तो देवाला म्हणतो, तू आपल्या दासाला का छळतोस? या लोकांना मी पोटात वाढवलं का, मी जन्म दिला का? मला असंच वागवणार असशील तर एकदाचा मारून टाक.

शब्द तोलले तर मोशेचे जास्त जहाल आहेत. लोकांनी निदान ‘मार मला’ म्हटलेलं नाही. पण लोकांवर कोप येतो, लावे पक्षी येतात आणि मांस अजून दातांत असतानाच मरी येते. मोशेला मात्र 70 वडीलधारी पुढारी मदतीला मिळतात, भार वाटून घ्यायला. एवढं होऊनही तो पुन्हा शंका काढतो की सहा लाख पायदळाला पुरेल इतकं मांस आणणार कुठून? त्यावर फक्त एक उलटा प्रश्न येतो: परमेश्वराचा हात तोकडा झालाय का? आणि पुढच्याच अध्यायात याच मोशेबद्दल लिहिलंय की तो पृथ्वीवरच्या सर्व माणसांत अत्यंत नम्र होता, आणि देव त्याच्याशी समोरासमोर बोलत असे.

लोक देवाबद्दल बोलत होते, एकमेकांशी. ‘कोण देईल?’ हा प्रश्न त्यांनी ज्याला विचारायचा त्याला विचारलाच नाही. मोशेने जे होतं ते तोंडावर सांगितलं. मला फरक इथे दिसतो. आवाज किती चढला यावर तो ठरत नाही. आपल्या मंडळ्यांत नेमकं उलटं चालतं, हे जाता जाता सांगते. प्रार्थनेत आपण अतिशय गोड बोलतो आणि कुरकुर नंतर बाहेर उभं राहून करतो.

आता ईयोब, ज्याची संपत्ती, मुलं, आरोग्य सगळं गेलं तो. त्याचं नाव घेतलं की ‘सहनशील’ हा शब्द आपोआप येतो. याकोबाच्या पत्रात त्याच्या धीराची आठवण आहे म्हणून असेल. पण 42 अध्यायांतले पहिले दोन सोडले तर तिसऱ्यापासून तो गप्प बसत नाही. जन्मदिवसाला शाप देतो. देवाने मला लक्ष्य केलंय म्हणतो, माझा दावा ऐक म्हणतो. त्याचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर देवाची बाजू घेतात: देव न्यायी आहे, म्हणजे तूच काहीतरी केलं असशील, पश्चात्ताप कर. त्यांची बरीच वाक्यं सुटी काढली तर भिंतीवर लावण्यासारखी आहेत. 13व्या अध्यायात ईयोब त्यांना जे विचारतो ते मला संबंध पुस्तकातलं सर्वांत धारदार वाक्य वाटतं. तो विचारतो, देवाच्या वतीने तुम्ही खोटं बोलणार का? त्याचा पक्षपात करणार का?

शेवटी देव वादळातून बोलतो. तो ईयोबालाही झापतो, हे लपवू नये. ज्ञानाशिवाय बोलून माझ्या योजनेवर अंधार पाडणारा हा कोण, असं विचारतो. पण निकाल 42:7 मध्ये आहे. अलीफजला देव सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग भडकलाय, कारण माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत. सात बैल आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील. देवाची वकिली करणाऱ्यांना क्षमेसाठी देवाला जाब विचारणाऱ्याच्या दारात जावं लागलं. आणि एक बारीकशी गोष्ट: तिघा मित्रांच्या सगळ्या भाषणांत देवाला उद्देशून एकही वाक्य नाही. ईयोब मात्र मित्रांशी बोलता बोलता मधेच देवाकडे वळतो आणि ‘तू’ म्हणू लागतो.

मग रोमकरांस 9:20 चं काय? प्रेषित पौलाने ते लिहिलंय आणि त्याचा अर्थ आहेच. पण आधीचं वचन वाचा. तिथे वाद घालणारा म्हणतो, सगळं देवाच्याच इच्छेने होतं ना, मग तो दोष का लावतो? म्हणजे हा माणूस स्वतःवरची जबाबदारी झटकतोय. पौलाचं उत्तर त्याला आहे. मूल गमावलेल्या आईला ते उत्तर द्यायला पौलाने सांगितलेलं नाही. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला पौल स्वतः लिहितो की माझ्या अंतःकरणात मोठं दुःख आणि अखंड वेदना आहे. ‘शरीरातला काटा’ म्हणून तो सांगतो ती पीडा निघावी म्हणून त्याने तीन वेळा विनवणी केली, आणि कृपा पुरेशी आहे असं ऐकलं. ‘तू कोण?’ असं त्याला कुणी दटावलं नाही.

देवाचा अनादर होतच नाही असं मात्र मी म्हणत नाही. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकात लोक प्रश्नच विचारत असतात: तू आमच्यावर कशात प्रेम केलंस? आम्ही तुझ्या नामाचा अवमान कशात केला? वाचताना कळतं की यांना उत्तर नकोच आहे. त्यांचं वेदीवर काय चाललंय, तर आंधळी, लंगडी, रोगट जनावरं अर्पण. देव विचारतो, हे आपल्या सुभेदाराला नेऊन देऊन बघा, तो प्रसन्न होईल का? आणि ‘काय हा त्रास!’ म्हणत ते नाक मुरडतात. अनादर म्हणतात तो हा. उरलंसुरलं देवाला द्यायचं, कंटाळत द्यायचं, आणि वर निरागस चेहऱ्याने विचारायचं की आमचं चुकलं काय.

दुसरं वचन जे लोक पुढे करतात ते उपदेशक या पुस्तकातलं: देव स्वर्गात आहे, तू पृथ्वीवर आहेस, म्हणून तुझे शब्द थोडे असावेत. ते मला मनापासून पटतं. तिथे विषय उतावळ्या नवसांचा आहे, तोंडाने बोलून मग न फेडण्याचा. विलापाला त्याने आडकाठी होत नाही. 13वं स्तोत्र सहाच वचनांचं आहे.

भय आणि तक्रार एकत्र कशी नांदतात हे पाहायचं असेल तर हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक वाचा, तीनच अध्याय आहेत. पहिल्याच ओळींत तो विचारतो की किती वेळ ओरडू, तू ऐकत नाहीस. उत्तर मिळतं ते आणखी भयंकर, खास्दी, म्हणजे बाबेलचे लोक, चालून येणार आहेत. त्यावरही तो पुन्हा हरकत घेतो, आणि मग बुरुजावर जाऊन उभा राहतो. देव काय म्हणतो ते बघायला! दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ती प्रसिद्ध ओळ येते, परमेश्वर आपल्या पवित्र मंदिरात आहे, सर्व पृथ्वी त्याच्यापुढे स्तब्ध राहो. ती ओळ आपण सुटी लावतो, उपासनेआधी शांतता व्हावी म्हणून. पुस्तकात मात्र ती दोनदा हरकत घेऊन झाल्यावर येते. त्याच्या स्तब्धतेला वजन आहे ते त्यामुळे.

यानंतरही ज्यांचं समाधान होत नाही त्यांना मी इब्री लोकांस पत्र 5:7 दाखवते. तिथे येशूबद्दल लिहिलंय की देहात असताना त्याने मोठा आक्रोश करत, अश्रू गाळत प्रार्थना आणि विनंत्या केल्या, आणि त्याच्या भक्तिभावामुळे त्याचं ऐकण्यात आलं. आक्रोश आणि भक्तिभाव एकाच वाक्यात. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं, आणि मग ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हटलं. हे दुसरं वाक्य आपण दुःखी माणसाकडून पहिलं न बोलू देताच वदवून घेतो. वधस्तंभावर तर त्याने 22व्या स्तोत्राचाच प्रश्न उचलला: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: विचारल्यावर उत्तर मिळतं का? ईयोबाला मिळालं नाही. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात देव आणि सैतान यांच्यात काय बोलणं झालं ते वाचकाला माहीत आहे, ईयोबाला कुणी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याला शहामृग, रानगाढव, गारांचे साठे यांच्याबद्दल प्रश्न ऐकावे लागले. तरी तो म्हणतो की आजवर तुझ्याविषयी कानांनी ऐकलं होतं, आता डोळ्यांनी पाहतो. एवढ्यावर त्याचं भागलं. तुमचं भागेल की नाही, ते मी सांगू शकत नाही.

ज्यांना सुरुवात कशी करायची हे कळत नाही त्यांना मी 13वंच देते. मोठ्याने वाचा. ‘कुठवर?’ येईल तिथे थांबून स्वतःची गोष्ट सांगा, नावानिशी, गोड न करता. शेवटची दोन वचनं भरवशाची आणि गाण्याची आहेत. ती आज म्हणवत नसतील तर चौथ्या वचनाशी थांबा, उद्या पुन्हा पहिल्यापासून वाचा. आणि तुम्ही स्वतः दुःखात नसून अशा माणसाजवळ बसायला जाणार असाल, तर ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस आणि सात रात्री काय केलं ते 2:13 मध्ये बघून जा. तोवर त्यांनी तोंड उघडलेलं नव्हतं.